पॅगोडासमोरची सासू

शहापूर स्टँडवर शेणव्याच्या एसटीची वाट बघत योगिनी तान्ह्या लेकीला थोपटत बसली होती. शेजारच्या बाकावर रंगू आणि बारकी, दोघी बहिणी, एकाच मोबाइलवर डोकी घालून बसल्या होत्या. बाळ झोपलं, तरी योगिनीचं थोपटणं आणि ऐकणं थांबेना.

“रविनाचा फोटो आलाय बग जपानातून. शहरातली जुनी बाग हाय म्हणे, मागं बुद्धाचा पॅगोडा.”

“काय देखना गो! बाजूला कोन?”

“कोन आसनार? तिची सासू. लेक माझी, नि बागेत मिरवते ही!”

“पन रविनानं आधी तुलाच बोलवलं व्हतं ना?”

“व्हतं. पन लेकीला पोर झाल्याबिगर आईनं तिच्या घरचं पानी नाय प्यायचं. रीत कशी मोडू?”

“मग जळतेस कशाला?”

“मी कशाला जळू? बग ना, रविना कशी हात धरून पायऱ्या चढवते तिला. सिद्धगड चढताना मी रविनाला कडेवर घेतली व्हती. माझा हात कोनी धरला?”

“चष्मा लाव, रंगूताय. सासूनं रविनाचा हात धरलाय.”

“रविनाला गो काय झालंय हात धरायला?”

बारकीनं हसत फोटोतल्या रविनाच्या पोटावर बोट ठेवलं.

“अगो बाय! दिवस गेलेत?”

“मला तरी तसंच दिसतंय. आता थोडे महिने थांब, मग खुशाल जा नि पोटभर पानी पी.”

“जानार तर! पन बारके... त्या बाईला माझ्याआधी कळलं गो.”