मुखवट्याचे डोळे

वाघ मुखवट्याले भेते का नाई, थे मले इचारू नोका. मी मानसाचं सांगतो.

आमी मोहफुलं वेचाले जंगलात जातो, तवा डोक्याच्या मांगं मानसाच्या तोंडाचा मुखवटा बांधतो. वाघ पाठीमांगून येते अन् डोळे दिसले का थांबते, असं म्हनतात.

त्या दिवशी पायवाटेनं बायको पुढं, मी मांगं. माह्यं तोंड पुरं उघडत नाई म्हून डॉक्टरनं सुपारी-तंबाखूचा खर्रा बंद केला होता. बायकोनं वरून पोरीची शपत घातली होती. तरी खिशात पुडी होतीच. काढली, तं बायकोच्या मुखवट्याचे डोळे माह्याकडंच! ठेवून देल्ली. थोडं पुढं जाऊन पुन्ना काढली, तरी थेच. डोळे प्लास्टिकचे हायेत, हे मले समजत होतं, पन हाताले समजत नव्हतं.

शेवटी म्हटलं, "थो मुखवटा काढ न वं! इथी काई वाघ नाई."

मान न वळवता बायको म्हने, "वाघ नाई, तं तुमी कोनाले भेऊन राह्यले? खर्रा फेका पयले."