पिवळं निशाण

इंग्लंडातल्या ब्रॅकली गावच्या पोस्टात, रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि एक आजी होत्या, एकमेकांना अनोळखी. पुढच्या महिन्यापासून मोटारशर्यती नव्या वाहिनीवर जाणार, ही बातमी आजोबांच्या हातातल्या पेपरात होती.

“वाचलंत? आता ऐन शेवटच्या फेरीत शाम्पूच्या जाहिराती बघा!”

“जाहिरातींचं काय घेऊन बसलात? ते कार्यक्रमाच्या सुरुवातीची चित्रं बदलणार आहेत!”

“बदलू देत की. ती कोण बघतं?”

“मी बघते. नऊ वर्षं, दर रविवारी.”

“आणि शर्यत?”

“ती सुरू झाली की टीव्ही बंद. त्या घरघरीनं डोकं उठतं माझं.”

“धन्य आहे बाई तुमची! मग गेल्या रविवारी कोण जिंकलं तेही ठाऊक नसेल.”

“नाही. कळून करायचंय काय?”

“अहो, पण आहे काय त्या सुरुवातीत? दोन गाड्या, धूर, आणि पिवळं निशाण नाचवणारा तो ढेरपोट्या!”

“तो ढेरपोट्या वेळेवर धोक्याचं निशाण दाखवायचा, म्हणून तुमचे ते हिरो धडपणे घरी जेवायला जायचे.”

“तुम्हाला काय माहीत?”

“त्याचं ताट मीच झाकून ठेवायचे ना! आता दोन सेकंद तरी दिसतो, तर तेही बघवेना या लोकांना.”