राजाबाईंच्या ट्रॅक्टरचा आकडा

तीन महिने नव्हेत, रवळू. दोन महिने आणि वर काही दिवस. बोलायचे तर नेमके बोलावे. सन एकोणीसशे सेहेचाळीस, जुलै महिना, आषाढ सरत आलेला, अनगोळच्या खालच्या शेतांतून भाताची लावणी चाललेली आणि वारा असा की छत्री उलटी व्हावी — त्या आठवड्यात हा ट्रॅक्टर माझ्या दारात आला. आणि आज दसरा. मोज तूच. — नाही, नाही, उठू नकोस, तुझ्या गाडीचे चाक फाटकापाशी रुतले आहे ते मी पाहिले, राहू दे, बैलांना वैरण टाकली आहे, पळून कोण जाते? काल सकाळी नंदगडाहून निघालास, एवढ्या लांबून आलास, आधी गूळपाणी घे. मारुतीराव भाऊजींनी काय सांगून पाठवले? "वहिनींना सामानासकट घेऊन ये" — हेच ना? "सामान म्हणजे एक पेटी नि एक वळकटी" असेही म्हणाले असतील. आणि तू आल्या आल्या ओसरीवरची पेटी उचलून गाडीत ठेवलीस. तुझा काय दोष? बांधून ठेवलेली पेटी दिसली, तू उचललीस. पेटी बांधलेली का होती, ते मी सांगणार नाही. तो विषय नाही. विषय ट्रॅक्टरचा आहे, आणि मी क्रमाने सांगते.

ज्येष्ठात माझ्या हरण्याचा जोडीदार गेला. एका बैलाने शेती होत नाही, हे मला कोणी सांगायला नको होते, पण भाऊजी मुद्दाम आले सांगायला. "वहिनी, आता हट्ट पुरे. मळा मी बघतो, तुम्ही नंदगडला चला, सगळं आयतं मिळेल." आयते! एकोणतीस वर्षे मुलींच्या शाळेत उभी राहून शिकवले मी, रवळू — कॅम्पातल्या शाळेतून मॅट्रिक झाले तेव्हा वडिलांच्या पलटणीतले लोक मला बघायला आले होते, मुलगी मॅट्रिक होते म्हणजे दिसते तरी कशी म्हणून — आणि पेन्शन झाल्यावर या मळ्यात आले, ते आयते खायला नव्हे. वांगी मी लावते, मसूर मी पेरवून घेते, पाट मी स्वतः फोडते. आणि नंदगडला मला कोणती खोली काढून ठेवली आहे, ठाऊक आहे ना तुला? स्वयंपाकघरामागची. तिला खिडकी आहे, नाही असे नाही — पण ती गोठ्यात उघडते.

तर लढाई संपलेली, कॅम्पातल्या सामानाचा लिलाव निघाला. मी गेले होते एक कपाट पाहायला. कपाट राहिले बाजूला, आणि कोपऱ्यात हा! हिरवा, एवढासा, पुढची चाके बशीएवढी, मागची जरा बरी — साहेबांच्या मैदानावरचे गवत कापायचे यंत्र ओढत असे म्हणे. माझ्या मनात आले, जो गवताचे यंत्र ओढतो तो कुळव का ओढणार नाही? आता हसतोस, पण तू तिथे असतास तर तूही घेतला असतास. घरी आणला, आणि भाऊजी बघायला आले. सगळीकडून फिरले. मागे गेले, वाकले — मागे काही नाही! ज्याला यंत्र अडकवायचे तो आकडाच कोणीतरी काढून नेलेला, दोन भोके तेवढी उरलेली. "वहिनी, याला जुंपणार कुठं? याला मानच नाही!" असे म्हणून इतके हसले की पटका सुटला. मी आत गेले, कागद घेतला आणि लिहून दिले: दसऱ्याचे सोने वाटायच्या आत या ट्रॅक्टरने शेताची वरची पट्टी कुळवली नाही, तर मी मळा भाऊजींच्या हवाली करून नंदगडास राहावयास येईन. खाली सही, तारीख. भाऊजींनी कागद घडी करून टोपीत — नव्हे, पटक्यात खोवला. तेव्हापासून त्यांना दसऱ्याची फार ओढ.

आकडा विकत मिळतो का? बेळगावात विचारले, कॅम्पात विचारले, कोणाला ठाऊक नाही. तेव्हा घरीच करायचा ठरवला. इथला लोहार भरमू — हात सोन्याचा, तोंड बंद. मी चित्र काढले, फूटपट्टी लावून, शिवणाची टेप घेऊन. भरमूने मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव आणली, तापवली, सरळ केली, पट्ट्या पाडल्या. गौरी-गणपती झाल्यावर आकडा बसवला आणि पहिली परीक्षा झाली. ती फसली. भरमूने आकडा फार उंच बसवला होता. एवढीच चूक. लोहाराची चूक, होते कधी कधी.

— काय पाहतोस? फसली म्हणजे कशी फसली, ते सांगू? अरे, काय सांगू तुला! परशरामला बसवले होते, भरमूच्या जावयाला. लढाईत लष्कराच्या लॉऱ्या चालवून आलेला माणूस, मिशीला पीळ. अर्धे अनगोळ बांधावर. यंत्र सुरू झाले, कुळव जमिनीत रुतला, आणि हा — हा हिरवा एवढासा — पुढची दोन्ही चाके उचलून उभा राहिला! घोडा राहतो तसा! बायका ओरडल्या, शेजारच्या नागुबाईने हात जोडले, परशराम मागच्या मागे उडी टाकून थेट माझ्या भेंडीत, आणि यंत्र तसेच आकाशाकडे तोंड करून फुरफुरते आहे! मग धप्पकन खाली. परशराम उठला, माती झटकली आणि म्हणाला, "बाई, जर्मनाला म्या भ्यालो न्हाय, पन ह्येच्यावर आता बसत न्हाय." अजून बसलेला नाही. — हस, हस, मलाही आज हसू येते. त्या दिवशी आले नाही. त्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हटले, "भरमू, तू काम बिघडवलेस." त्याने आपला हातोडा उचलला, खांद्यावरचा पंचा नीट केला आणि गेला.

रवळू, मी मघाशी तुला खोटे सांगितले. म्हणजे खोटे नव्हे — अपुरे. उंची भरमूने ठरवली नव्हती. उंची चित्रात होती, आणि चित्र माझे. मी टेप घेऊन गोठ्यात गेले होते आणि हरण्याचा खांदा मोजला होता. का? कारण बैल ओढतो कुठून? खांद्याने. जू कुठे बसते? खांद्यावर. मग जे ओढायचे ते तेवढ्याच उंचीवर असले पाहिजे — इतके सरळ वाटले मला! ट्रॅक्टर माझ्या कमरेएवढा, आणि त्याच्या पाठीमागे हरण्याच्या खांद्याइतका उंच लोखंडी खांब, वर आकडा — देवळापुढच्या दीपमाळेसारखा! भरमूने विचारलेसुद्धा, "बाई, लई उंच व्हतंय का ओ?" मी म्हटले, "तू लोहार आहेस, मोजमाप माझ्याकडे." हे शब्द. असेच्या असे.

पंधरा दिवस तो आला नाही. मी बोलावले नाही. पितृपंधरवडा तसाच गेला. आणि त्यातल्या एका दुपारी मी पेटी काढली, लुगडी घातली, पुस्तके घातली, वरून दोरी बांधली — हे भाऊजींना सांगायचे नाही, बरे का. कोणालाच ठाऊक नाही. दोरी बांधताना पेटीचा भार पाहावा म्हणून दोरी धरून ओढली, तर दोरी बसली होती उंच तिपाईच्या वरच्या कडेला अडकून, आणि तिपाई आली माझ्या अंगावर. धाडकन! मी रागाने ती उभी केली, दोरी आता खाली, पायाशी बांधली आणि ओढली — सरकत आली. गरीब गाईसारखी. पुन्हा वर बांधली — पडली. खाली बांधली — सरकली. वर — पडली! अठ्ठावन्न वर्षांची बाई, दार लावून, तिपाईला दोरी बांधून घरभर फिरवते आहे आणि एकटीच हसते आहे! बैलाला चार पाय आहेत रे, तो खांदा लावून पुढे रेलतो. या ट्रॅक्टरचा सगळा जोर मागच्या चाकांत, जमिनीपाशी. त्याला वरून धरले की तो उताणाच होणार. खाली धरायला हवे, आसाच्याही खाली! मॅट्रिकला पदार्थविज्ञानात मला पहिल्या वर्गाचे गुण होते. पण तेव्हा तिपाई अंगावर पडली नव्हती.

मग भरमूकडे जाणे आले. चार लोकांदेखत बोलले होते, तर कबूलही चार लोकांदेखत करायचे. मी माझे जुने चित्र घेतले, त्यावर तांबड्या पेन्सिलीने गुण दिले — दहापैकी शून्य — खाली सही केली आणि भट्टीवर गेले. बाजारचा दिवस, चार-पाच माणसे बोथट खुरपी शेवटून, धार काढून घ्यायला बसलेली. कागद त्याच्यापुढे धरला आणि म्हटले, "भरमू, चूक माझी होती, तुझी नव्हती. हा कागद इथे भिंतीला लाव." त्याने कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, बराच वेळ पाहिला. मग म्हणतो कसा, "बाई, धापैकी दोन तरी द्या की ओ. भोकं सरळ हाईत." — मी दोन दिले. तिथेच, पेन्सिल मागून घेऊन. भोके खरोखरच सरळ होती.

नवा आकडा घटस्थापनेला हाती घेतला. दोन पट्ट्या आसावरून खाली उतरत्या, आडवी पट्टी, मधोमध आकड्याचे तोंड आणि तोंड बंद करायला खीळ. अष्टमीला लावला. बसायला कोणी तयार नाही — मी बसले! नऊवारीचा काष्टा घट्ट मारला आणि बसले. अर्धी पट्टी कुळवली, रवळू, सरळ रेघेत, आणि तिथे खीळ मोडली. साधे लोखंड होते, दोन तुकडे झाले. धावत भट्टीवर — आणि उद्या खंडेनवमी! भरमूने हातोडे, सांडशी, घण, सगळे धुऊन पुसून मांडायला घेतलेले. "बाई, उद्या हत्यारं पूजेला. हात लावायचा न्हाय." मी किती वाद घातला असेल, तुला कल्पना आहे. शर्त काय, मुदत काय, कागद काय! तो आपला झेंडूची माळ ओवत बसलेला. "धाव्या दिशी पयला घाव तुमचा." एवढेच बोलला. काल अख्खा दिवस मी या ओसरीवर बसून होते आणि ती पेटी समोर. तू गाडी हाकत वाटेवर, आणि मी इथे. ती पेटी काल मी खोलीतून ओसरीवर आणली ती... ते राहू दे.

आज सकाळी अजून आरती चालू, आणि भट्टीवरून पहिला घाव ऐकू आला. मोडक्या लॉरीच्या पोलादी पाट्याची खीळ केली त्याने, कोण मोडणार ती? राहिलेली अर्धी पट्टी तू यायच्या घटकाभर आधी पुरी झाली. जा, बघून ये — तो काळा चौकोन, तो. मधे एके ठिकाणी वाकडी रेघ आहे. तिथे मी हसत होते.

तर ही आपट्याची पाने घे. भाऊजींना माझ्या हातचे सोने म्हणून दे आणि तो पटक्यातला कागद परत पाठवायला सांग. पेटी आधी उतरव. ओसरीवर नको, आत, खोलीत, पलंगाखाली ढकल. ढकलतोस ती खालून ढकल, वरून ढकलू नकोस, काय सांगितले मी एवढा वेळ!

आता चाक. बैल सोड त्या गाडीचे. सोड म्हणते ना, ते दमले आहेत, बांधावरून रिकामे येऊ देत. ही साखळी घे आणि गाडीच्या आसाला बांध. जुवाला नव्हे, आसाला. खाली. आणखी खाली. हां. आता दांडी तू स्वतः उचलून धर — बैलांच्या जागी तू, लाजतोस काय, मिशा आहेत की चांगल्या. भरमू, ये इकडे, साखळीचे दुसरे टोक ट्रॅक्टरच्या आकड्यात अडकव आणि खीळ घाल! घातलीस? नंदगडच्या रस्त्याला लावून देते तुला, फाटकाबाहेर, अगदी सरळ.

बाजूला व्हा सगळे.