दोघांची पेशी

आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात, हे मी त्या दिवशी साफ विसरलो, बघा. मी धुळ्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, आणि त्या दिवशी झाडाच्या पेशीवर तास घ्यायचा होता. एरंडोलहून बसमध्ये शेजारी एक नाना बसले होते. कुठे निघालात, म्हणाले. मी म्हटलं, "धुळ्याला. आज पेशी आहे."

"मनी बी पेशीच शे! तुमनी कसानी शे?"

"भिंतीची."

नाना सरसावून बसले. "मनी बी भिंतनीच! शेजारीनी मना अंगनमा बांधी. तुमनी कोनी बांधी?"

मी माझ्याच तंद्रीत. "कोणी बांधत नाही, नाना. झाडाच्या पेशीत भिंत असते, जनावराच्या पेशीत नसते."

"बरोबर शे. जनावरना वाद कोंडवाडामाच मिटस."

"एवढी साधी गोष्ट, पण समोरच्यांच्या डोक्यात शिरत नाही!"

"शिरतच नही!" नाना कळवळले. "किती वरीस व्हयनात?"

"अकरा."

"मना सात. निकाल?"

"निकाल काय, दरवर्षी लागतो. चांगला लागतो."

नानांनी माझा हातच धरला.

"भाऊ, तुमना वकील कोन शे?"