घारीसाठी इस्त्रीचा शर्ट

तुम्ही त्या घारीच्या फोटोचं विचारताय, पण तो निघालाच नाही हो!

आमच्या कोरीट गावी आमचे नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, फाटक्या बनियनवर मिरचीला पाणी देत असायचे. लाल डोळ्यांची कापशी घार रोज त्यांच्या अगदी जवळच्या खांबावर येऊन बसायची. त्यांना मुळीच भ्यायची नाही. मी म्हटलं, "नाना, उद्या कॅमेरा घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी मी बांधाआड दबा धरून बसलो. घार आली. मग नाना आले, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट आणि कडक टोपी! घारीने एकदा पाहिलं आणि जी उडाली ती दिसेनाशीच झाली.

मी ओरडलो, "नाना, फोटो घारना काढना व्हता!"

"मंग? तिना बाजूले फाटेल बनियनवर उभा ऱ्हाऊ?"

एवढे नटून आले होते, म्हणून मग त्यांचाच एक फोटो काढला.

आता तोच हार घालून भिंतीवर आहे. परवा मोठ्या मायला, नानांच्या बायकोला, म्हटलं, "काय रुबाबदार दिसतात नाना!"

तिने पदराने फोटोची काच पुसली. "घारनीबी वळखं नही त्यास्ले," म्हणाली, "मी कशी वळखू?"