गैथनं आणून दिलेला टीव्ही

वनीस : टॉर्च तिरका धर. वरून नाही गं, बाजूनं. हां. आता काचेत बघ, दिसतंय का काही?

मबरूका : माझं तोंड दिसतंय. घामानं निथळलेलं.

वनीस : त्याच्या मागे बघ.

मबरूका : मागे... थांबा. एक माणूस आहे. बातम्या वाचतोय वाटतं. अगदी पुसट.

वनीस : मग झालं की काम. आवाज आहे, चित्रही आहे, फक्त मागचे दिवे गेलेत. पडद्याच्या पाठीमागे बारीक दिव्यांची माळ असते. त्यातला एक मेला की सगळी माळ विझते, लग्नातल्या रोषणाईसारखी. तो एक शोधायचा, जुन्या सेटमधला काढून तिथं सोल्डर करायचा, आणि संपलं.

मबरूका : मागच्या वेळी 'संपलं' म्हणालात तेव्हा अख्ख्या जिन्याची वीज गेली होती. दिवसभर पाण्याच्या पंपावर मोटारी खोलता, घरी आलात की हे. आणि तेही जेवायच्या टेबलावर. गैथ येईल आता नमाजवरून. कुसकुस त्याला काय मांडीवर वाढू?

वनीस : टीव्ही त्यानंच आणून दिलाय. तुझा धाकटा भाऊ शहाणा आहे, मेहुण्याला काय आवडतं ते त्याला कळतं. लोक मिठाई आणतात, तो बंद पडलेले सेट आणतो. चल, पडद्याची काच उचलायला हात लाव. दोन्ही कोपरे एकदम. कागदासारखी आहे, वाकली की गेली.

मबरूका : कुठं ठेवू?

वनीस : सोफ्याला टेकव. चादर घाल आधी. हळू.

मबरूका : हे खाली काय चिकटलंय? या स्पीकरच्या जाळीत?

वनीस : कुणीतरी चहा सांडला असणार. मघाशी स्पिरिटनं पुसलं तर कापूस तांबडा झाला. निघेल. बघ, माळ उघडी झाली. आता सुई लावून एकेक दिवा... दार वाजलं का?

मबरूका : गैथ असता तर एवढं हळू वाजवलं नसतं. थांबा, बघते.

मिफ्ताह : अस्सलामु अलैकुम, हाज्जा. माफ करा, जेवायच्या वेळेला आलो. मी समोरच्या इमारतीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मिफ्ताह. वेल्डिंगचं काम करतो. हाजी आहेत का?

वनीस : ये, ये. हात देत नाही, सोल्डरची तापलेली सळई आहे हातात. बोल.

मिफ्ताह : तुमच्या गॅलरीत एक लोखंडी चौकट टेकवून ठेवलीय. टीव्ही भिंतीला टांगायची. सकाळपासून माझ्या खिडकीतून दिसतेय. जवळून बघितली तर चालेल?

वनीस : बघ की. या सेटच्या पाठीला होती. आवडली तर घेऊन जा, मला नकोय. चार माणसं लोंबकळली तरी निघणार नाही असली जड बनवलीय कुणीतरी.

मिफ्ताह : मी बनवलीय.

वनीस : काय सांगतोस?

मिफ्ताह : हा बघा टाका. इथं वाकडा आलाय. टाका मारताना मध्येच वीज गेली होती. नीट करून देतो म्हटलं तर भाऊ म्हणाला राहू दे, भिंतीकडच्या बाजूला कोण बघतंय. माझा थोरला भाऊ. साबरी मोहल्ल्यात त्याचं घर होतं. लढाई गल्लीत शिरली, सगळी बेनगाझी सामान बांधत होती, पण हा उठेना. म्हणाला मी गेलो तर घर लुटतील. शेवटी रस्ता मोकळा झाल्यावर मी गेलो. बैठकीच्या भिंतीतून बोल्ट उपसलेले, टीव्ही नाही, आणि खाली हा पडलेला. गोळी नाही, तोफेचा तुकडा नाही. डोक्यात पहार घातली होती. तुम्ही बसा हाज्जा, तुमचा रंग उडालाय.

मबरूका : अल्ला त्याच्यावर दया करो.

मिफ्ताह : आमीन. कुणी दिला हाजी हा टीव्ही?

वनीस : बाजारात घेतला. जुन्या बाजारात, एक अनोळखी माणूस होता.

मिफ्ताह : कसा दिसत होता?

वनीस : माणसासारखा माणूस. दाढी होती. तोंड कुणाच्या लक्षात राहतं?

मिफ्ताह : आजचा सोडला तर दर शुक्रवारी मी त्या बाजारात असतो. आलेला प्रत्येक टीव्ही उलटा करून पाठ बघतो. दुकानदार मला बघून हसतात, पाठ बघणारा आला म्हणतात. हा तिथं आला असता तर त्याच दिवशी मला कळलं असतं.

मबरूका : दाराला कडी का घातलीस?

मिफ्ताह : वारा येतोय.

मबरूका : आज कुठं वारा आहे?

वनीस : मिफ्ताह, ते पिस्तूल आत ठेव. घरात बाईमाणूस आहे.

मिफ्ताह : भावाच्या घरात कुणी नव्हतं, हाजी. हा कापूस कसला आहे? हा, तांबडा.

वनीस : चहा. कुणाचा तरी सांडलेला चहा.

मिफ्ताह : माझा भाऊ चहा पीत नव्हता.

मबरूका : या अल्ला.

मिफ्ताह : हात टेबलावर ठेव. उजवा. बोटं पसर.

वनीस : बाळा, मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे.

मिफ्ताह : पसर म्हणतोय ना. आता नाव सांग.

वनीस : माहीत नाही मला.

मिफ्ताह : ही चौकट किती जड आहे ते आत्ता तूच बोललास. नाव.

वनीस : नाही म... आई गं.

मबरूका : तोडलास. चौकट आपटून तोडलास रे हात. बोटं बघ कशी झालीत त्यांची, हाड वर आलंय. राक्षस आहेस का तू?

मिफ्ताह : दोन बोटं गेलीत. आठ आहेत अजून. नाव.

वनीस : मबरूका... तू बोलू नकोस.

मिफ्ताह : म्हणजे हिलाही ठाऊक आहे.

वनीस : तिला काही ठाऊक नाही. मारायचं तर मला मार. सांगितलं नाव, तर जाऊन त्याला मारशील. मग त्याचे लोक तुला मारतील. पाण्याच्या पंपावर माझ्याबरोबर सहाजण होते कामाला. तिघे असेच गेले, एकामागून एक. मी नाही सांगणार.

मिफ्ताह : दुसरा हात.

मबरूका : सोड त्यांना. सोड म्हणते, नाहीतर ही सळई तापलेली आहे, डोळ्यात घालीन.

मिफ्ताह : दूर हो म्हातारे. दूर... आ. मान, माझी मान जाळलीस.

वनीस : मबरूका, बाजूला हो, त्याच्या हातात पिस्तूल...

(गोळी सुटते. सोफ्याला टेकवलेली काच फुटून खाली येते.)

वनीस : मबरूका. मबरूका, बोल काहीतरी.

मबरूका : मी आहे. मला नाही लागली. कोपर आपटलं फक्त, त्यानं ढकललं तेव्हा.

मिफ्ताह : मी झाडली नाही. तुम्ही हाताला लोंबकळलात, सुटली. बायकांवर मी गोळी झाडत नाही.

मबरूका : हाडं तेवढी फोडतोस, नाही का.

मिफ्ताह : ऐकून येईल का कुणी?

वनीस : कोण येणार? शुक्रवार आहे. कुणाच्या तरी लग्नात बार काढलाय म्हणतील आणि भात वाढून घेतील.

मबरूका : माझा फोन वाजतोय.

मिफ्ताह : कोण आहे?

मबरूका : भाऊ. जेवायला यायचाय तो.

मिफ्ताह : उचला. नेहमीसारखं बोला. एक शब्द जास्त झाला तर हाजीचं डोकं आहे इथं.

मबरूका : हं, बोल गैथ... हो, झालाय स्वयंपाक... पाव आण, दुसरं काही नको. कुठं आहेस? ...बरं. गैथ, एक विचारू? हा टीव्ही तू कुठून आणलास?

वनीस : मबरूका, नको.

मबरूका : मला कळायला हवं. तुम्ही त्याच्यासाठी बोटं ठेचून घेतलीत, तर कशासाठी ते मला कळायला हवं. ...काही नाही रे, तुझे दाजी बडबडतायत. सांग ना. ...कुणाच्या घरातून?

मिफ्ताह : फोनचा आवाज मोठा करा.

मबरूका : नाही करणार. तो माझा भाऊ आहे, मी विचारते. तो जे बोलेल ते तसंच्या तसं तुला सांगेन, माझ्या मुलाची शपथ. ...मी आहे गैथ, ऐकतेय. त्या घरात कुणी होतं का? ...खोटं बोलू नकोस. लहानपणी खोटं बोलताना जसा थांबायचास तसाच थांबलायस आत्ता. ...हं. ...हं.

मिफ्ताह : काय म्हणतोय?

मबरूका : म्हणतो, घर उघडं होतं. रिकामं असेल असं वाटलं. आत एक माणूस निघाला.

मिफ्ताह : पुढे.

मबरूका : म्हणतो, त्या माणसानं टीव्हीला मिठी मारली आणि सोडेना. म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर ढकलून निघून आलो असतो, पण तो नुसता 'नको बाळा, नको बाळा' करत होता, त्यानं डोकं फिरलं. म्हणतो... एकदाच मारली. उठेल असं वाटलं.

मिफ्ताह : कुठं आहे तो आत्ता?

मबरूका : खाली. गाडी लावतोय.

मिफ्ताह : बोलवा वर.

मबरूका : गैथ, ऐक. त्या माणसाचा भाऊ इथं आहे. पिस्तूल घेऊन. यांचा हात फोडलाय त्यानं, रक्त थांबत नाहीये. ...हो, इथंच, माझ्यासमोर. आता काय करायचं ते तू ठरव.

मिफ्ताह : हे का सांगितलंत?

मबरूका : तुला त्यानं काय केलं ते सांगितलं, त्याला तू काय केलंस ते सांगितलं. गैथ? गैथ. ...ठेवला.

मिफ्ताह : पांढरा पिकअप आहे का त्याचा?

मबरूका : हो.

मिफ्ताह : मागे घेतोय. दिसतोय मला खिडकीतून, चांगला दिसतोय. हाजी, पाय सोड.

वनीस : नाही सोडणार.

मिफ्ताह : सोड म्हणतो, लाथ घालीन.

वनीस : घाल. नमाज सुटलीय, रस्ता माणसांनी भरलाय. इथून झाडलीस तर कुणाचा तरी भाऊ पडेल खाली. घाल लाथ. ...घाल अजून एक.

मबरूका : त्यांच्या तोंडावर नको रे. मिफ्ताह, तोंडावर नको मारूस. गेला तो. वळला कोपऱ्यावरून. बघ, गेला.

मिफ्ताह : गेला.

मबरूका : बस खाली. ते पिस्तूल मला दे. दे इकडे.

मिफ्ताह : तुम्हाला माझ्यापाशी टाकून गेला तो. सख्ख्या बहिणीला.

मबरूका : माहीत आहे. मीही खिडकीत उभी होते. अहो, उठता येतंय का? टेकून बसा. हात वर धरा, खाली सोडू नका. मी टॉवेल बांधते.

वनीस : दात हललाय एक. बाकी ठीक आहे.

मिफ्ताह : हाजी, का मार खाल्लात त्याच्यासाठी?

वनीस : त्यानं काय केलंय ते मला ठाऊक नव्हतं. टीव्ही लुटीतला असणार, हे मात्र ठाऊक होतं. या शहरात सगळ्यांच्याच घरात काहीतरी आहे. मी कधी विचारलं नाही त्याला. दिवे लागतायत की नाही तेवढं बघितलं.

मबरूका : बोलू नका, ओठ फाटलाय. मिफ्ताह, इकडे बघ. तो माझ्या आईकडे राहतो, विमानतळाच्या रस्त्याला, टायरच्या दुकानामागे. मी सांगितलं नाही तरी तुला शोधून सापडेल, म्हणून सांगते. तिथं पिस्तूल घेऊन जाऊ नकोस. म्हातारी आहे घरात.

मिफ्ताह : मग काय करू? नुसता सलाम करून परत येऊ?

मबरूका : तुमच्या घराण्यातले वडीलधारे घेऊन ये. आमच्यातले मी बोलावते. सगळे बसले की त्यांच्यासमोर मी उभी राहीन, आणि फोनवर त्यानं जे सांगितलं ते शब्दन् शब्द सांगेन. 'नको बाळा' सुद्धा. मग पोलिसांत द्यायचा की काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

मिफ्ताह : सख्ख्या भावाविरुद्ध उभ्या राहाल?

मबरूका : राहीन.

मिफ्ताह : आणि तुमची आई?

मबरूका : ती माझं तोंड बघणार नाही. ते माझं मी बघेन.

वनीस : मबरूका, नीट विचार कर.

मबरूका : तो गाडी मागे घेत होता तेव्हाच केला.

मिफ्ताह : हाजींना दवाखान्यात न्यायला हवं. माझी गाडी आहे खाली.

मबरूका : आणि डॉक्टरनं विचारलं कसं झालं, तर?

मिफ्ताह : मी केलं म्हणून सांगेन.

वनीस : टीव्ही अंगावर पडला म्हणून सांगू. नाहीतर तुला तिथंच बसवून ठेवतील आणि मला घरी कोण आणणार? पायातल्या चपला दे गं. काचा झाल्यात सगळीकडे.

मबरूका : थांबा, मी घालते. तुझ्या मानेलाही काहीतरी लावायला सांग त्यांना, मिफ्ताह. खोल भाजलंय. मी खोलच लावली होती.

मिफ्ताह : कळलं ते.

मबरूका : हात धर यांचा. उजवीकडून नको, या बाजूनं. एक सांग, वडीलधाऱ्यांसमोर मला बोलावं लागेल. तुझ्या भावाचं नाव काय होतं?

मिफ्ताह : हमद. दाराला कधी कडी घालायचा नाही.