सहापैकी पाच भोकं

चोपड्याच्या स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक म्हातारा कुंभार, त्याची चित्रकला महाविद्यालयात शिकणारी मुलगी, आणि दोघांच्या मधे गोधडीत बांधलेलं तिचं मडक्यासारखं मातीचं शिल्प. गाठ सैल झाली म्हणून तिनं गोधडी सोडली.

"आबा! याची भोकं कुठे गेली?"

"पांढरं सिमेंट लावून बुजवली. सहा भोकं! माले मोजताना लाज वाटली."

"ती मी मुद्दाम पाडली होती."

"म्हणजे भट्टीत फुटलं नव्हतं?"

"नाही हो! आज दुपारी प्रदर्शनात परीक्षक बघणार आहेत."

"बघू दे ना. आता पाणी भर, थेंब गळणार नाही."

"यात पाणी भरायचंच नाहीये."

"मग काय भरतीस, ज्वारी?"

"काही नाही. त्याचं नाव 'वारा' आहे. सहा भोकांतून वारा फिरणार होता."

"एक ठेवलंय ना वर, तोंडासारखं. तिथूनच जाईल, तिथूनच येईल. वाऱ्याले कुठं गाडी पकडायची शे?"

"तेवढं एकच का ठेवलं?"

"ते बुजवायच्या आधी त्यातून आत हात घातला. भर उन्हात आत असं गार लागलं, रूपा, की सिमेंट लावायले मन होईना."

"आताही गार असेल?"

"घालून बघ."

"खरंच गार आहे, आबा. पण परीक्षकांना काय सांगू?"

"काही सांगू नको. आधी त्यांचा हात आत जाऊ दे."